एक-तृतीयांशाचे ताट

वृद्धांना शिजवलेले अन्न पुरवण्याच्या आधुनिक उपक्रमांचा उगम दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटनमध्ये सापडतो. लेडी रीडिंग यांनी 1938 मध्ये उभारलेल्या महिला स्वयंसेवी संघटनेने 1943 मध्ये हेमेल हेम्पस्टेड येथे घरोघरी गरम जेवण पोचवण्यास प्रारंभ केला. अमेरिकेत असाच उपक्रम 1954 मध्ये फिलाडेल्फियाच्या केन्सिंग्टन भागात सुरू झाला आणि तेथे जेवण पोचवण्याचे काम बहुतांशी शाळकरी मुलांनी अंगावर घेतले. मात्र ताटातील पोषणाचे माप कायद्यानेच बांधून देण्याचा प्रयोग पुढे अमेरिकेत झाला, आणि आहारनियोजनाच्या इतिहासात तोच अधिक बोलका आहे.

वृद्धांसाठीचा मूलभूत कायदा 1965 मध्ये संमत झाला, 1968 पासून काही ठिकाणी प्रायोगिक भोजनकेंद्रे चालवून पाहण्यात आली आणि मार्च 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या स्वाक्षरीने राष्ट्रीय पोषण कार्यक्रम अस्तित्वात आला. वृद्धांची उपासमार केवळ गरिबीमुळे होत नाही, तर योग्य अन्न निवडण्याचे व रांधण्याचे ज्ञान नसणे, बाजारापर्यंत जाता न येणे आणि एकट्यासाठी चूल पेटवण्याची इच्छाच एकाकीपणामुळे मावळणे हीही तिची कारणे आहेत, असे 1972 च्या कायद्याच्या प्रास्ताविकातच नोंदवले होते. म्हणूनच साठ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला, आणि वय काहीही असले तरी तिच्या जोडीदाराला, उत्पन्नाचा दाखला न मागता पंगतीत बसवावे, मोबदला ऐच्छिक ठेवावा आणि केंद्र शक्यतो चालत जाता येईल इतके जवळ असावे, अशी तरतूद झाली. या तरतुदींमागची समज त्यातील पोषणाच्या गणितापेक्षा कितीतरी प्रगल्भ होती.

गणित असे होते की, आठवड्यातून किमान पाच दिवस दिल्या जाणाऱ्या गरम जेवणातून शिफारस केलेल्या दैनिक पोषकमात्रेचा, म्हणजे जवळजवळ सर्व निरोगी व्यक्तींची गरज भागेल अशा बेताने तज्ज्ञांनी ठरवलेल्या प्रमाणाचा, एक-तृतीयांश भाग मिळावा. प्रत्येक पोषकद्रव्याचा रोज हिशेब मांडणे केंद्रांच्या आवाक्यातले नसल्यामुळे त्याऐवजी ताटाचा साचा ठरला: 3 औंस, म्हणजे सुमारे 85 ग्रॅम, शिजवलेले मांस, मासे किंवा त्यांचा पर्याय, भाज्या व फळांचे अर्ध्या-अर्ध्या कपाचे दोन वाढप, पाव, चमचाभर लोणी किंवा मार्गारिन, अर्धा कप गोड पदार्थ आणि अर्धा पाइंट दूध. या साच्याचे 1946 पासूनच्या शालेय भोजनाशी असलेले नाते लपत नाही. मुलांच्या ताटातील 2 औंस प्रथिनयुक्त पदार्थांच्या जागी 3 औंस आले, परंतु मांडणी तीच राहिली. गोड पदार्थाचे स्थान पोषणशास्त्राच्या काटेकोर नजरेला खटकते खरे, पण वृद्धांना केंद्राकडे खेचून आणण्यात त्याचा वाटा असणारच.

या मापाच्या मुळाशी असलेला तक्ता मात्र वृद्धांना फारसे ओळखत नव्हता. 1974 च्या आवृत्तीत 51 वर्षांपुढील सर्वांचा एकच गट होता, त्यामुळे नोकरीत असलेली बावन्न वर्षांची व्यक्ती आणि पंच्याऐंशी वर्षांची व्यक्ती यांना एकच आकडे लागू होत. वयानुसार उष्मांकांची गरज घटते, पण प्रथिने, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे यांची गरज त्या प्रमाणात घटत नाही, उलट काहींची वाढते. साहजिकच कमी अन्नात अधिक पोषण बसवणे, हीच या नियोजनाची खरी कसोटी ठरते. 1997 पासूनच्या नव्या तक्त्यांनी सत्तरीपुढचा गट वेगळा केला आणि त्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्वाचे प्रमाण वाढवले. त्यापाठोपाठ, उतारवयात जठरातील आम्ल कमी झाल्याने अन्नातील ‘ब-12’ अनेकांच्या अंगी लागत नाही हे ध्यानात घेऊन, पन्नाशीपुढील व्यक्तींनी ते मुख्यतः पोषणवर्धित पदार्थांतून किंवा पूरक गोळ्यांतून घ्यावे, अशी शिफारस झाली.

दरम्यान 1978 च्या दुरुस्तीने घरपोच जेवणासाठी स्वतंत्र निधीची सोय केली आणि 1992 मध्ये मेद, मीठ व साखर यांविषयीची राष्ट्रीय आहारसूत्रे या ताटाला बंधनकारक झाली. एक-तृतीयांशाचा दंडक मात्र कायम राहिला. उरलेले दोन भाग लाभार्थी स्वतःच्या स्वयंपाकघरातून भरून काढेल, हे त्यात गृहीत धरलेले आहे. पण अंथरुणाला खिळलेल्या अनेकांच्या बाबतीत दारात आलेला डबाच दुपारी अर्धा आणि रात्री अर्धा असा पुरवून खाल्ला जातो.