तळटीप १४ : ‘सोन्याचं देऊळ’

लेखकाच्या चाकूरकडच्या बोलीतला ‘देऊळ’ हा शब्द आम्ही तसाच ठेवला आहे. अभिप्रेत आहे तो गोराईचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा (उद्घाटन २००९). त्याचा आकार रंगूनच्या श्वेडगॉनवरून घेतला. त्यामागचे प्रवर्तक सत्यनारायण गोयंका मंडालेत जन्मले आणि ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले. ब्रह्मदेशाचं हे ऋण त्यांनी सोन्याच्या रंगात फेडलं, असं म्हणायला हरकत नाही. लेखक ज्याला ‘कळस’ म्हणतात ते खरं तर छत्र आहे. ब्रह्मी भाषेत ‘थी’. मोठा फरक वेगळाच : श्वेडगॉन आतून भरीव, त्याला फक्त प्रदक्षिणा घालायची. गोराईचा घुमट पोकळ. एकही खांब नाही आणि आत सुमारे ८,००० साधक बसतात. शिबिर न केलेल्यांना काचेआडूनच पाहावं लागतं, लेखकाची चिडचिड त्यामुळेच. पुढे येणारे सोमवारचा वाघ, मंगळवारचा सिंह हे मात्र रंगूनचे. तिथे जन्मवाराच्या कोपऱ्यात पाणी वाहतात आणि बुधवारचे दोन भाग करून दोन हत्ती मानतात. महाराष्ट्राचं रंगूनशी नातं याहून जुनं आहे : २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. आंबेडकरांनी देहूरोडला बसवलेली बुद्धमूर्ती तिथूनच आली होती.