छायाचित्राबाहेरची माणसे

१० मे १८६९. युटामधील प्रोमॉन्टरी येथे दोन इंजिने समोरासमोर उभी राहिली, पूर्व-पश्चिम रूळ जुळले. अँड्र्यू रसेलने त्या दिवशी घेतलेले छायाचित्र आगगाड्यांच्या छंदिष्टांना तोंडपाठ असते. इंजिनांची नावेही: ‘ज्युपिटर’ आणि ‘११९’. मूळ इंजिने भंगारात गेली, तर १९७९ साली हुबेहूब प्रतिकृती उभ्या केल्या. लोखंडाची केवढी ही आठवण!

सेंट्रल पॅसिफिक कंपनीसाठी सिएरा नेवाडाचा कातळ फोडला तो मुख्यतः चिनी मजुरांनी. ते दहा हजारांहून अधिक होते. सुरुंगांत, हिमकड्यांखाली किती मेले, कंपनीने मोजले नाही. पगारपत्रकावर नाव बहुधा मुकादमाचे. ही माणसे निमूट होती, असे मात्र कुणी समजू नये. जून १८६७ मध्ये हजारोंनी संप केला. मागणी होती वाढीव वेतनाची आणि बोगद्यातले तास कमी करण्याची. चार्ल्स क्रॉकरने धान्य तोडले. उपासमारीने आठवड्यात संप मोडला.

रसेलच्या चित्रात एखादा चिनी पाठमोरा असेल, असे काही अभ्यासक म्हणतात. चेहरा नाही.

१८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशबंदी झाली. १९६९ च्या शताब्दी सोहळ्यात वाहतूकमंत्री जॉन व्होल्पी यांनी सारे श्रेय ‘अमेरिकनांना’ दिले. ज्यांना नागरिकत्वच नाकारले, ते त्यात कसे बसणार?

न्यूयॉर्कमधील एका चिनी लाँड्रीवाल्याचा मुलगा, छायाचित्रकार कॉर्की ली, याने हे शाळेतच हेरले होते. १० मे २०१४ रोजी त्याने मजुरांच्या वंशजांना त्याच जागी, त्या प्रतिकृती इंजिनांपुढे उभे केले आणि कॅमेरा लावला.