पगार, चावी आणि 'परके' शब्द

१ तारखेला आपण ज्याची वाट बघतो तो 'पगार' मूळचा मराठी नाही. हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला. त्यांच्या भाषेत 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणे. त्याचं मूळ लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे. पैसे हातात पडले की सावकार शांत, इतका साधा हिशोब!

रोमन साम्राज्य मोडलं आणि लोकांच्या तोंडची लॅटिन मुलखामुलखात वेगळी होत गेली. त्यातून पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, रुमानियन या बहिणी जन्मल्या. लॅटिनमध्ये किल्लीला 'क्लाविस' म्हणत. आज इटलीत 'क्यावे', स्पेनमध्ये 'यावे', फ्रान्समध्ये 'क्ले', रुमानियात 'केये'. लिस्बनमध्ये आता 'शाव्ह' म्हणतात, पण जुन्या पोर्तुगीजमध्ये तिथे 'च' होता. तो 'च' आपल्या 'चावी'त अजून शाबूत आहे.

पण खरा इतिहास दिसतो तो शब्द जिथे वेगळे पडतात तिथे. पैसे देण्याला स्पेनमध्ये 'पगार', इटलीत 'पगारे', फ्रान्समध्ये 'पेये'. रुमानियात मात्र 'प्लती', आणि हा शब्द स्लाव लोकांचा! 'पाकारे'च्या कुळातला 'इंपका' त्यांच्याकडेही आहे, पण त्याचा अर्थ समेट घडवणे. म्हणजे शांततेचा जुना अर्थ राखला रुमानियनने आणि पैशाचा शब्द घेतला शेजाऱ्याकडून.

असं का झालं? इ.स. १०६ मध्ये सम्राट ट्राजानने डाकिया, म्हणजे आजच्या रुमानियाचा मोठा भाग जिंकला. सुमारे १६५ वर्षांनी रोमने तो सोडला. पुढे शेजार स्लाव लोकांचा, चर्चची भाषाही स्लाव.

१९व्या शतकात राष्ट्रवादाचं वारं आलं. १८६०च्या सुमारास सिरिलिक लिपी जाऊन रोमन आली. मग लॉरियान आणि मासिम या विद्वानांनी १८७१ ते १८७६ दरम्यान मोठा शब्दकोश काढला. त्यात परक्या मुळाचे शब्द बाजूला काढून वेगळ्या खंडात टाकले! लोकांनी त्याची टिंगल केली. फ्रेंच आणि लॅटिनमधून नवे शब्द पुष्कळ आले आणि टिकलेही, कारण नव्या कारभाराला ते हवे होते. पण रोजच्या बोलण्यातले स्लाव शब्द काही हलले नाहीत. रुमानियन माणूस आजही 'होय'ला 'दा'च म्हणतो. म्हणून त्याची भाषा कमी लॅटिन झाली का? अजिबात नाही.

भाषेत नवे शब्द घडवा, जरूर घडवा. पण घरात रुळलेल्या शब्दाला दाखला विचारून हाकलू नका. आणि कुणी फारच शुद्धतेचा हट्ट धरला, तर त्याला एवढंच म्हणा, आधी 'पगार' सोडून दाखव!