नळ कोणी मोडला?

माझ्या प्रबंधात १९८७ सालचा एक ऑस्ट्रेलियन अहवाल सारखा डोकावतो. त्याची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात, वाळवंटात, आनंगू या आदिवासींच्या वस्त्या आहेत. १९८५ साली तिथल्या न्गानाम्पा या लोकांच्याच आरोग्यसंस्थेचे प्रमुख होते यामी लेस्टर. ते दृष्टिहीन होते. १९५३ च्या ब्रिटिश अणुचाचणीनंतर वस्तीवर काळं धुकं आलं आणि त्यानंतर आपले डोळे गेले, असं ते सांगत. दवाखाने सुधारले तरी माणसं आजारी पडायची थांबत नव्हती. म्हणून त्यांनी तिघांना कामाला लावलं: डॉक्टर पॉल टॉर्झिलो, वास्तुरचनाकार पॉल फोलेरोस आणि पर्यावरण-आरोग्याचे जाणकार स्टीफन रेनो.

या तिघांनी नऊ गोष्टींची क्रमवार यादी केली. पहिली कोणती असेल? अंघोळ, त्यातही पाच वर्षांखालच्या मुलांची. घरातली दाटी पाचवी! कारण साधं आहे. तोंड धुतलं नाही तर खुपरी पसरते. खरजेच्या जखमांत जंतू शिरले की त्यातून पुढे मूत्रपिंड आणि हृदयापर्यंत दुखणं जाऊ शकतं. आणि अंघोळीला नळ, गरम पाणी, मोरीचा निचरा, सगळंच चालू लागतं.

आता सरकारी आणि शहरी मंडळींचं ठरलेलं म्हणणं काय, तर 'यांना घरं द्या, हे मोडून टाकतात.' याच पद्धतीनं १९९९ पासून देशभर हजारो घरं तपासली गेली. पहिल्या तपासणीत शॉवर धड चालत होता जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या घरांत. का? राहणाऱ्यांच्या हातून झालेली मोडतोड सुमारे १० टक्के. मुळात वाईट बांधकाम साधारण २० टक्के. उरलेल्या ७० टक्क्यांत नेहमीची देखभालच झालेली नव्हती. म्हणजे बदनाम झाले भाडेकरू, आणि प्लंबर आलाच नव्हता!

मला सगळ्यात आवडतो तो त्यांचा नियम: दुरुस्ती नाही तर पाहणी नाही. स्थानिक माणसं हत्यारं घेऊनच घरात शिरत आणि पहिल्याच दिवशी काम सुरू करत. (आम्हा संशोधकांना हे जरा झोंबतं.)

न्यू साउथ वेल्समध्ये २०१० साली दहा वर्षांच्या कामाचं मूल्यमापन झालं. दुरुस्त घरांतल्या लोकांना संसर्गजन्य रोगांसाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण, राज्याच्या इतर ग्रामीण आदिवासींच्या तुलनेत, ४० टक्क्यांनी कमी निघालं. ही घरं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, त्यामुळे आकडा थोडा जपूनच वापरा. आणि दाटी? दुरुस्तीनं खोल्या वाढत नाहीत. दुर्गम वस्त्यांत तो प्रश्न अजून तसाच आहे.