स्पोर्ट्‌स कारचा घसारा आणि दिल्लीची पंधरा वर्षे

नवी दिल्ली – यमुनेच्या पूर्व काठावरील मयूर विहार ही सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांची वसाहत. येथील परिवहन कार्यालयाचा क्रमांक डीएल-७. या क्रमांकाची एखादी जुनी दोन दारांची गाडी किंवा गेल्या पिढीतील वेगवान हॅचबॅक विक्रीला निघाली, की तिची किंमत वाचून पुण्या-नाशिकच्या शौकिनाला छपाईत चूक झाली असावी असे वाटते. प्रत्यक्षात चूक नसते. गाडीचे इंजिन उत्तम असते, रंग शाबूत असतो, फिरलेले किलोमीटरही बेताचे असतात. तरीही ती भंगाराच्या आसपासच्या दराने मिळते, कारण राजधानीत तिचे वय झालेले असते.

स्पोर्ट्‌स कारची किंमत कशी उतरते, काही मोजकी मॉडेल पुन्हा कशी वर चढतात आणि दिल्लीत हा चढ मध्येच का तुटतो, हे समजून घेणे महाराष्ट्रातील खरेदीदारालाही उपयोगाचे आहे. दिल्लीतून बाहेर पडणाऱ्या अशा गाड्यांना अन्य राज्यांतच गिऱ्हाईक शोधावे लागते आणि त्यात महाराष्ट्र आलाच.

किंमत कशी उतरते

घसाऱ्याचा सर्वांत सोपा हिशेब विमा कंपन्यांकडे मिळतो. गाडीचे विमामूल्य ठरवताना पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्ष पूर्ण होईपर्यंत १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के घसारा धरला जातो. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो आणि मूल्य विमा कंपनी व मालक यांच्या सहमतीने ठरते. म्हणजे १ कोटी रुपयांची गाडी पाचव्या वर्षी कागदोपत्री ५० लाखांची होते.

बाजार या तक्त्याप्रमाणे चालतोच असे नाही. मोठ्या आलिशान सेडान गाड्या त्याहून वेगाने खाली येतात, कारण दुसऱ्या मालकाला गाडी परवडली तरी तिचे सुटे भाग परवडत नाहीत. उलट, थोड्या संख्येने आलेली आणि चालविण्यात मजा असलेली गाडी तक्त्यापेक्षा सावकाश उतरते. मात्र हा नियम आरंभीच दिसून येत नाही. फोक्सवॅगनने नोव्हेंबर २०१६ मध्ये तीन दारांची पोलो जीटीआय भारतात आणली. भारताच्या वाट्याला अवघ्या ९९ गाड्या आल्या होत्या आणि किंमत होती २५ लाख ६५ हजार रुपये. पोलोला एवढे पैसे कोण देणार, असा प्रश्न तेव्हा सर्रास विचारला गेला. पुढे किंमत सुमारे ६ लाखांनी उतरवून २० लाखांच्या खाली आणावी लागली. आज तीच गाडी शौकीन शोधत फिरतात. याउलट स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २४५ ही गाडी २०२० मध्ये ३५ लाख ९९ हजार रुपयांना आली आणि तिच्या २०० गाड्या पाहता पाहता संपल्या. २०२५ मध्ये नव्या आरएसच्या १०० गाड्या जवळपास ५० लाखांना आल्या, त्याही तशाच संपल्या. दहा वर्षांपूर्वी जी किंमत अवास्तव वाटत होती, ती आता कोणाला खुपत नाही. जुन्या जीटीआयचे भाग्य उजळण्यामागे नव्या गाड्यांच्या या वाढत्या किमतीही आहेत.

आयात केलेल्या गाड्यांची गोष्ट थोडी निराळी. भारतात शंभर टक्क्यांहून अधिक आयातशुल्काची भिंत दीर्घकाळ उभी राहिली. तिच्यामुळे नवी गाडी महाग पडते आणि म्हणून जुनीलाही आधार मिळतो. जुलै २०२५ मध्ये स्वाक्षऱ्या झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात ठरावीक कोट्यापुरते हे शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे ठरले. नवी गाडी स्वस्त झाली की त्याच घराण्यातील वापरलेली गाडी आपोआप खाली सरकते. जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार ‘गुंतवणूक’ म्हणून घेऊ पाहणाऱ्याने हा धोका हिशेबात धरलेला बरा.

आयातशुल्काचे महत्त्व मराठी वाचकाला एका लाल गाडीने फार पूर्वीच शिकवले. कसोटी शतकांच्या बाबतीत सर डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी केल्याबद्दल सचिन तेंडुलकर यांना २००२ मध्ये फियाटतर्फे फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. मायकल शूमाकर यांच्या हस्ते ती सिल्व्हरस्टोन येथे देण्यात आली. गाडीपेक्षा तिच्यावरच्या एक कोटीहून अधिक रुपयांच्या शुल्कमाफीचीच चर्चा अधिक झाली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेल्यावर अखेर ती रक्कम फियाटने भरली. २०११ मध्ये ही गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली.

कोणती गाडी संग्राह्य ठरते

जगातील सर्वांत गाजलेले उदाहरण फेरारी २५० जीटीओचे. १९६२ ते १९६४ या काळात तिच्या ३६ गाड्या बनल्या. शर्यतीतील कारकीर्द संपल्यावर, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, त्यांतील काही अवघ्या काही हजार डॉलरांत हात बदलत होत्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात अशीच एक गाडी ५ कोटी १७ लाख डॉलरना विकली गेली. दुर्मीळता, शर्यतीतील कामगिरी आणि देखणेपण यांचा असा योग क्वचितच जुळून येतो. बाकी बहुतेक गाड्यांचा प्रवास साधा असतो. पंधरा-वीस वर्षे किंमत उतरत जाते आणि मग, ज्या पिढीने शाळकरी वयात त्या गाडीची चित्रे भिंतीवर लावली होती तिच्या हाती पैसा आल्यावर, ती हळूहळू वर येऊ लागते.

तंत्रज्ञान बदलते तेव्हाही असेच घडते. पोर्शे ९११ चे हवेने थंड होणारे इंजिन १९९८ मध्ये बंद झाले आणि त्यानंतर त्या जुन्या ९११ गाड्यांचा वेगळाच वर्ग तयार झाला. क्लच आणि हाताने बदलायचे गिअर दुर्मीळ झाल्यावर तशा गिअरच्या फेरारी ३६० ला स्वयंचलित गिअरच्या ३६० पेक्षा अधिक भाव मिळू लागला. नवी असताना मात्र ग्राहकांचा ओढा स्वयंचलित गिअरकडे होता.

कधी गाडीपेक्षा तिच्यामागची कथा मोलाची ठरते. १९८५ मध्ये मेलबर्नला रवी शास्त्री यांनी मालिकावीर म्हणून जिंकलेली आऊडी १०० ही काही स्पोर्ट्‌स कार नव्हे. तरीही २०२२ मध्ये उद्योगपती गौतम सिंघानिया यांच्या सुपर कार क्लब गॅरेजने तिचे पुनरुज्जीवन केले तेव्हा वृत्तपत्रांनी तिला एखाद्या फेरारीइतकी जागा दिली.

आपल्याकडच्या गाड्यांत गोव्याच्या सॅन स्टॉर्मचा उल्लेख आधी करायला हवा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलेली ही दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी. अंग फायबरचे आणि इंजिन रेनोचे, १.२ लिटरचे. वेग बेताचाच होता आणि खपही. पण भारतात बनलेली दोन आसनी रोडस्टर म्हणून दाखवायला दुसऱ्या गाड्या आहेतच किती? फियाटची २००१ ची पालिओ १.६ जीटीएक्स १०० अश्वशक्तीची होती आणि तेंडुलकर यांच्या नावाने निघालेल्या पालिओ एस-१० च्या ५०० गाड्याच काढण्यात आल्या. पहिल्या पिढीतील होंडा सिटी व्हीटेक आणि मारुती झेनच्या तीन दारांच्या कार्बन व स्टील या आवृत्त्याही शौकिनांच्या तोंडी असतात. या गाड्या पुढे लाखमोलाच्या होतील असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. पालिओचे सुटे भाग मिळविणे हाच एक उद्योग आहे आणि ज्या गाडीचे भाग मिळत नाहीत ती अंगणात उभी राहून सडते. पण यांपैकी किती गाड्या मूळ स्वरूपात शिल्लक राहतात यावर त्यांची पुढची किंमत ठरणार, हे निश्चित. आणि इथेच दिल्लीचा प्रश्न सुरू होतो.

पंधरा ते पन्नास

मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. तपासणी करून ती दर पाच वर्षांनी वाढवता येते. महाराष्ट्रात पर्यावरण कर भरून हे होते. दिल्लीत होत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने नोव्हेंबर २०१४ मध्ये पंधरा वर्षांवरील आणि एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये हे निर्बंध कायम ठेवले. मयूर विहारलगतचा नोएडाही राजधानी क्षेत्रात असल्याने, पुलापलीकडे नातेवाइकाकडे गाडी ठेवण्याची पळवाटही उरली नाही.

१ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना दिल्लीतील पंपांवर इंधन नाकारण्याचा प्रयोग झाला आणि तो काही दिवसांतच थांबवावा लागला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई न करण्याचा आदेश दिला. १७ डिसेंबर २०२५ रोजी त्यात बदल होऊन हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील गाड्यांपुरते ठरविण्यात आले. दिल्लीत बीएस-४ मानक एप्रिल २०१० मध्ये लागू झाले. सॅन स्टॉर्म, पालिओ जीटीएक्स, सिटी व्हीटेक, झेन कार्बन या साऱ्या त्याआधीच्या. प्रदूषणाच्या दृष्टीने ही रेषा तर्काला धरून आहे. जुने इंजिन अधिक विषारी धूर सोडते आणि दिल्लीच्या हिवाळ्यात हा प्रश्न शौकाच्या कितीतरी वरचा आहे. मात्र वर्षातून चार रविवारी बाहेर निघणारी गाडी आणि रोज साठ किलोमीटर धावणारी गाडी यांत ही रेषा फरक करीत नाही.

दुसऱ्या टोकाला केंद्राचा जुलै २०२१ चा ‘व्हिंटेज’ वाहनांचा नियम आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि नूतनीकरण ५ हजारांत. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन व दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. १९६४ पासून दिल्लीत भरणाऱ्या स्टेट्समन रॅलीसारख्या सोहळ्यांना या नियमाने कायद्याचे बळ दिले.

या दोन नियमांमध्ये एक दरी आहे. १९९९ मध्ये डीएल-७ क्रमांकाने नोंदलेली गाडी २०१४ मध्ये मुदतबाह्य झाली. ती वारसा म्हणून मान्य होईल २०४९ नंतर. मधली पस्तीस वर्षे तिने कुठे राहायचे? दिल्ली सरकारच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुदतबाह्य गाडी सार्वजनिक जागी आढळल्यास जप्त होते आणि चारचाकीला १० हजार रुपये दंड आहे. मालकाच्या खासगी जागेत ती ठेवता येते, पण सामायिक वाहनतळ खासगी जागा मानला जात नाही. दक्षिण दिल्लीतील बंगल्याच्या गॅरेजमध्ये जी गाडी पस्तीस वर्षे झोपून काढू शकते, तिला मयूर विहारच्या सोसायटीत थारा मिळणे अवघड. भविष्यातील संग्राह्य गाडी कोणती हे काही अंशी मालकाच्या घराच्या प्रकारावर ठरावे, ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी.

भंगाराचा मार्ग आहेच. अधिकृत भंगार केंद्रात साधारणपणे नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के इतके मूल्य मिळावे, असा केंद्राच्या २०२१ च्या धोरणाचा अंदाज होता. पण भंगाराला वजन लागते. फायबरच्या हलक्या सॅन स्टॉर्ममध्ये लोखंड ते किती!

महाराष्ट्रातील खरेदीदारासाठी

त्यामुळे उरतो तो ना-हरकत प्रमाणपत्राचा मार्ग. दिल्लीची एनओसी असल्याशिवाय महाराष्ट्रातील आरटीओत नोंदणी होत नाही. म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वी एनओसी कोणत्या जिल्ह्याच्या कार्यालयाच्या नावे आहे ते पाहावे. नोंदणी आधीच रद्द झालेली असेल तर स्वस्ताईला भुलू नये. चालती गाडी घेतली असे वाटते आणि हाती सुट्या भागांचा ढीग येतो. चासी व इंजिनाचे क्रमांक पुस्तकाशी ताडून घ्यावेत. संग्राहकासाठी मूळ इंजिन असणे हाच किमतीचा निम्मा भाग असतो. मूळ रंग, मूळ चाके, सर्व्हिसची जुनी बिले यांना पैसे मोजायला हरकत नाही. बाहेरून लावलेले स्पॉइलर आणि मोठे एक्झॉस्ट मात्र किंमत घटवतात.

खर्चाचा हिशेब किमतीपाशी थांबत नाही. महाराष्ट्राचा रस्ता कर, पर्यावरण कर आणि वाहतुकीचा खर्च त्यात मिळवावा लागतो. ऑगस्ट २०२५ मधील केंद्राच्या दुरुस्तीनुसार वीस वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १० हजार रुपये झाले आणि आयात केलेल्या चारचाकीसाठी ते ८० हजार रुपये आहे. पाच वर्षांवरील गाडीचे विमामूल्य सहमतीने ठरत असल्याने, विमा उतरवतानाच छायाचित्रे व बिले दाखवून वाजवी रक्कम लिहून घ्यावी. अन्यथा अपघातानंतर भरपाई जुन्या हॅचबॅकची मिळते.