पेटीबाहेर राहिलेले वर्ग : ऑटोमॅपिंगचा इतिहास

१/१३
टेबलात हजारो नोंदी आहेत. प्रोग्राम त्या मागतो आणि त्याच्या हाती रिकामी यादी पडते. चूक झाल्याचा कोणताही संदेश येत नाही. डॉटनेटवरील ‘एनहायबरनेट’ वापरणाऱ्यांना गोंधळात टाकणाऱ्या या दोषाची मुळे अर्ध्या शतकाहून अधिक मागे, दोन वेगळ्या परंपरांत सापडतात. 🧵

२/१३
पहिली परंपरा नॉर्वेची. ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांनी ‘सिम्युला ६७’ ही संगणकभाषा घडवली. वर्ग (क्लास), वस्तू (ऑब्जेक्ट) आणि एका वर्गाने दुसऱ्याचे गुण वारशाने घेणे, या कल्पना तिच्यातून पुढे आल्या.

३/१३
दुसरी परंपरा कॅलिफोर्नियाची. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये ‘रिलेशनल मॉडेल’ मांडले. माहिती टेबलांत ठेवावी आणि टेबलांमधील नाते केवळ मूल्यांवरून ओळखावे, हे त्याचे सार.

४/१३
या दोन जगांचा मेळ सहज बसत नाही. प्रोग्राममधील ‘ऑर्डर’ आपल्या ‘ग्राहका’ला थेट धरून असते, टेबलातील ऑर्डरपाशी ग्राहकाचा फक्त क्रमांक असतो. वारसा ही कल्पना तर टेबलाला ठाऊकच नाही. विद्युतशास्त्रातून उसनी घेतलेली ‘इम्पीडन्स मिसमॅच’ ही संज्ञा या विसंगतीला चिकटली.

५/१३
प्रारंभी हा पूल प्रोग्रामर हाताने बांधत. प्रत्येक वर्गासाठी, प्रत्येक स्तंभासाठी एसक्यूएल लिहिले जाई. १९९० च्या दशकात कॅनडातील ‘द ऑब्जेक्ट पीपल’ या कंपनीने ‘टॉपलिंक’ हे साधन आधी स्मॉलटॉक आणि मग जावासाठी आणले. वर्ग आणि टेबल यांची जोडणी, म्हणजेच ‘मॅपिंग’, हा स्वतंत्र व्यवसाय झाला.

६/१३
२००१ मध्ये गॅव्हिन किंग यांनी जावासाठी ‘हायबरनेट’ सुरू केले. त्याचाच डॉटनेटवरील अवतार म्हणजे एनहायबरनेट. जोडणीचे वर्णन एक्सएमएल फाइलींत लिहायचे, ही त्याची रीत. वर्गातील नाव बदलले आणि फाइलीतले राहून गेले, तर कंपायलर गप्प राहत असे. दोष प्रोग्राम चालवल्यावरच उघड होई.

७/१३
२००४ मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांच्या ‘रूबी ऑन रेल्स’ने वेगळा पवित्रा घेतला. नेहमीचे संकेत पाळा, म्हणजे वेगळे काही लिहावे लागणार नाही! वर्गाचे नाव एकवचनी, टेबलाचे अनेकवचनी. स्तंभांची माहिती थेट डेटाबेसकडून. एक्सएमएलला कंटाळलेल्यांना हा मोठा दिलासा होता.

८/१३
ही हवा डॉटनेटमध्येही पोहोचली. २००७ च्या अखेरीस आलेल्या सीशार्प ३.० मधील लॅम्डा अभिव्यक्तींमुळे मॅपिंग थेट भाषेतच लिहिणे शक्य झाले. २००८ मध्ये जेम्स ग्रेगरी यांनी ‘फ्लुएंट एनहायबरनेट’ आणले. त्यातील ऑटोमॅपिंग वर्ग न्याहाळून जोडणीचा अंदाज स्वतःच बांधी : वर्गाचे नाव तेच टेबलाचे, ‘आयडी’ नावाचा गुणधर्म म्हणजे मुख्य कळ.

९/१३
पण वर्ग न्याहाळायचे कुठले? डॉटनेटमध्ये तयार प्रोग्राम ‘असेंब्ली’ नावाच्या पेट्यांत बांधला जातो. बहुधा ती एक डीएलएल फाइल असते. ऑटोमॅपिंगची प्रचलित आज्ञा अशी : ‘हा वर्ग ज्या असेंब्लीत आहे, ती तपास.’ एकच पेटी! प्रकल्प वाढून ‘ऑर्डर’ विक्रीच्या पेटीत आणि ‘ग्राहक’ सामायिक पेटीत गेला, की दुसरी पेटी न उघडताच राहते.

१०/१३
यातून दोन लक्षणे दिसतात. जोडलेला वर्ग न जोडलेल्याकडे बोट दाखवत असेल, तर प्रोग्राम सुरुवातीलाच ‘अनमॅप्ड क्लास’ म्हणून थांबतो. हा सुदैवाचा प्रकार. तसे बोट कोणी दाखवत नसेल, तर ‘क्रायटेरिया’ पद्धतीच्या प्रश्नाला रिकामी यादी मिळते. ग्रंथालय त्या प्रकारचे जोडलेले वर्ग शोधते. एकही सापडत नाही, म्हणून नोंदीही शून्य. वापरकर्त्याला मात्र वाटते, माहितीच नाहीशी झाली.

११/१३
स्मृतीत असलेल्या साऱ्या असेंब्ली तपासाव्यात, हा उपाय मोहक पण फसवा आहे. डॉटनेट एखादी असेंब्ली साधारणपणे प्रथम गरज पडल्यावरच उघडते. त्यामुळे तोच वर्ग एकदा सापडतो, एकदा नाही. भरवशाचा मार्ग साधा आहे : सर्व असेंब्लींची नावे एकाच ठिकाणी स्पष्ट सांगणे. मग बांधलेला अंदाज एक्सएमएल फाइलींत उतरवून वाचणे. फ्लुएंट एनहायबरनेटमध्ये तशी सोय आहेच. ज्या वर्गाची फाइल नाही, तो बाहेर राहिला. टाकून दिलेले एक्सएमएल असे साक्षीला परत आले.

१२/१३
हा दोष एका साधनापुरता नव्हता. २००६ च्या जावा पर्सिस्टन्स मानकातही ‘पर्सिस्टन्स.एक्सएमएल’ ज्या जार फाइलीत, तिच्यातीलच वर्ग आपोआप शोधले जातात. इतर जार नावानिशी सांगाव्या लागतात. मायक्रोसॉफ्टच्या एंटिटी फ्रेमवर्कने २०११ मध्ये ‘कोड फर्स्ट’ आणताना दुसरी वाट धरली : घोषित वर्गांपासून निघून नात्यांचा माग काढत जायचे. तिथेही ज्याच्याशी कोणाचेच नाते नाही, तो वर्ग बाहेरच राही.

१३/१३
हाताने लिहिलेल्या एसक्यूएलपासून संकेतांपर्यंतच्या प्रत्येक पायरीवर श्रम कमी झाले आणि तेवढेच ज्ञान नजरेआड गेले. एसक्यूएलमध्ये राहून गेलेले टेबल शोधता येत होते. ऑटोमॅपिंगमध्ये राहून गेलेल्या वर्गाबद्दल कुठे एक ओळही लिहिलेली नसते. वर्गाचे रूप यंत्र ओळखू शकले. आपल्या व्यवसायाची हद्द कोणत्या पेट्यांपर्यंत आहे, हे मात्र आजही माणसालाच सांगावे लागते.