जलसंजीवनी

अतिसार, पटकी वा सतत होणाऱ्या ओकाऱ्या यांमुळे शरीरातून निघून गेलेले पाणी व लवणे तोंडावाटे भरून काढण्यासाठी देण्यात येणारा साखर व मीठ यांचा विद्राव. प्रौढ माणसाच्या वजनाचा सु. ६० टक्के आणि नवजात अर्भकाच्या वजनाचा सु. ७५ टक्के भाग पाण्याचा असतो. मूत्र, घाम, श्वास व विष्ठा यांतून रोज जाणारे पाणी निरोगी माणसाच्या बाबतीत आहारातून आणि तहान लागेल तसे पाणी पिण्याने भरून निघते. ही भरपाई अपुरी पडल्यास निर्जलीभवन होते. तोंडास कोरड पडते, मूत्र कमी व गडद होते, डोळे खोल जातात, नाडी क्षीण होते आणि वेळीच उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो. लहान मुलांत ही अवस्था फार लवकर येते.

इतिहास : निर्जलीभवनाचे सर्वांत भयंकर रूप पटकीच्या साथींत दिसून आले. या रोगाचे ‘मोडशी’ हे मराठी-कोकणी नाव पोर्तुगीजांनी उचलले आणि पुढे यूरोपीय ग्रंथांत ते निरनिराळ्या अपभ्रष्ट रूपांत शिरले. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोग्याचे खोल गेलेले डोळे व असह्य तहान यांची नोंद केली आहे. १८१७ मध्ये बंगालमध्ये उद्‌भवलेली साथ पुढील वर्षी दख्खन व मुंबईपर्यंत पोहोचली. त्यानंतर पंढरपूरसारख्या मोठ्या यात्रांच्या वेळी हा रोग वारंवार फैलावत असे.

त्या काळी रक्तमोक्षण, रेचके व पाऱ्याची औषधे हे पाश्चात्त्य वैद्यांचे नेहमीचे उपाय होते. म्हणजे ज्या रोग्याच्या शरीरातून पाणी निघून चालले होते, त्याचे रक्तही काढले जाई आणि पुष्कळदा त्याला पाणीही मनाई असे. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३१-३२ मध्ये रोग्यांच्या रक्ताचे परीक्षण करून त्यातील पाणी व लवणे कमी झाल्याचे दाखविले. त्यावरून स्कॉटलंडमधील टॉमस लाटा यांनी १८३२ मध्ये नीलेतून लवणजल दिले. त्यांची पहिली रोगी एक वृद्ध स्त्री होती. मरणासन्न अवस्थेतून ती सावध झाली. परंतु जुलाब पुन्हा सुरू झाले, विद्राव पुन्हा दिला गेला नाही आणि काही तासांत ती मरण पावली. ही पद्धती लवकरच मागे पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी लेनर्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात तिचा पुन्हा यशस्वी उपयोग केला. तथापि निर्जंतुक विद्राव, सुया व प्रशिक्षित माणसे जेथे नसत, तेथे ती निरुपयोगीच ठरे.

तोंडावाटे उपचाराचा पाया लहान आतड्याच्या एका गुणधर्मात आहे. ग्लुकोज व सोडियम यांचे शोषण तेथे जोडीने होते व त्यांच्यामागे पाणीही शोषले जाते. ही क्रिया रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. पटकीतही ती बऱ्याच अंशी शाबूत राहते. कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच तोंडावाटे दिलेल्या विद्रावाचा अनुभव प्रसिद्ध केला होता. १९६८ मध्ये डाक्का येथे झालेल्या चाचण्यांनी या उपचारास भक्कम आधार मिळाला.

त्याची खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगला देशाच्या मुक्तियुद्धातील निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली आणि बनगाव येथील रुग्णालयात नीलेतून द्यावयाचे विद्राव संपत आले. दिलीप महालनबीस यांनी दर लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा घालून केलेला विद्राव पिंपांत भरून ठेवला. रोग्यांचे नातेवाईकच तो त्यांना पाजू लागले. मृत्यूचे प्रमाण सु. ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७८ पासून अतिसार नियंत्रणाच्या कार्यक्रमातून या उपचाराचा प्रसार केला. २००२ पासून शिफारस केलेल्या मिश्रणात दर लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. तयार पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घेतात. येथे चमचा म्हणजे चहाचा चमचा होय. प्रमाण काटेकोर पाळावे लागते. साखर अधिक झाल्यास जुलाब वाढू शकतात आणि मीठ अधिक झाल्यास लहान मुलास धोका संभवतो.

कोल्हापूर परिसर : उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळ-पाणी ठेवण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. करवीर तालुक्यातील उचगाव व आसपासची गावे ऊस आणि गूळ यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुलखात मोडतात. येथे तर गूळ घरचाच. गूळ-पाण्याने तहान भागते व तरतरी येते. परंतु त्यात मीठ पुरेसे नसल्याने जुलाबांवर ते पुरेसे ठरत नाही. मीठ घातलेले ताक किंवा भाताची पेज त्या वेळी अधिक उपयुक्त असते. पेजेतील पिष्टाचे आतड्यात ग्लुकोज होते, म्हणून तिचे कार्य जलसंजीवनीच्या जवळ जाणारे आहे.

विद्राव कितीही योग्य असला, तरी तो ज्या पाण्यात करावयाचा ते स्वच्छ हवे. पंचगंगा नदीचे प्रदूषण हा या भागाचा जुना प्रश्न आहे. २०१२ मध्ये इचलकरंजी येथे दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्याने कोल्हापूर शहराचा नळाचा पुरवठा खंडित झाला आणि चहूकडे पाणी असताना पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली. अशा वेळी पाणी उकळून किंवा क्लोरीन मिसळूनच वापरणे आवश्यक असते.

मर्यादा : उष्माघातात केवळ पाणी पाजणे पुरेसे नसते, शरीर त्वरित थंड करून रुग्णालयात हलवावे लागते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील उघड्यावरील समारंभानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. याउलट गरजेहून फार अधिक साधे पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घातक प्रमाणात घटू शकते. हृदय व मूत्रपिंड यांच्या विकारांत पाण्याचे प्रमाण वैद्यांच्या सल्ल्याने ठरवितात. जुलाब झालेल्या मुलास पाणी व अंगावरचे दूध तोडण्याची समजूत मात्र सर्वस्वी चुकीची आहे. दूध चालू ठेवून दर जुलाबानंतर थोडी थोडी जलसंजीवनी पाजावी. मूल सुस्त झाल्यास किंवा त्याला पिता येईनासे झाल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.